तेलाच्या टाकीवर बसलेल्या काकू

कडक काकूंना हे नाव कोणी दिले, ते आजवर कोणी कबूल केलेले नाही. लाँड्रीतल्या बाया सांगतात की इस्त्रीवरून पडले, दीर सांगतात की स्वभावावरून पडले, आणि खुद्द काकूंना विचारावे तर त्या म्हणतात, "कशावरून का पडेना, पडलं ते बरं झालं. मऊ माणूस दिसला की जो तो हात पुसून जातो."

लाँड्री एका लांबट गल्लीच्या टोकाला आहे. पुढच्या खोलीत मळक्या कपड्यांची गाठोडी सोडायची, मधल्या खोलीत भिजवायचे हौद आणि धुलाईच्या मशिनी, मागच्या खोलीत इस्त्रीचा लांबलचक रोलर, आणि वरच्या मजल्यावर घर. या घरात साबणाचा वास आणि डिझेलचा वास सारखे भांडत असत, आणि बहुतेक वेळा डिझेलच जिंकत असे. कारण मागच्या अंगणात बॉयलर होता आणि बॉयलरशेजारी जमिनीत पुरलेली तेलाची टाकी. टाकीत तेल असले की घर चालायचे, नसले की नाही.

काम एकच, पण मोठे होते. गावातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि ऑपरेशनचे हिरवे कपडे. नवरा गेल्यापासून काकू आणि धाकटे दीर लाँड्रीचे निम्मे-निम्मे मालक झाले होते. दीर बाहेरचे बघायचे, म्हणजे व्हॅन, हॉस्पिटलची ने-आण आणि तेलवाल्याशी गोडीगुलाबी. काकू आतले बघायच्या. जाऊबाई भिजवणीच्या हौदावर असायच्या. दोघी जावांचे पटायचे असे नाही, पण एक दिवस एक आजारी पडली तर दुसरीला भांडायला कोणी नसल्यामुळे करमायचे नाही. बॉयलर एक म्हातारा सांभाळायचा. काही बोलायच्या आधी तो तीन-चारदा खोकायचा, थंड गाडी सुरू व्हावी तसा, म्हणून त्याला सगळे इंजिन म्हणत.

असे सगळे आपापल्या जागी चालले होते. मग कुठल्या तरी दूरच्या समुद्रात कोणाचे तरी भांडण पेटले आणि तेलाची जहाजे अडली. त्या समुद्राचे नावही गल्लीत कोणाला धड घेता येत नव्हते. पण काही दिवसांतच टँकर यायचा बंद झाला.

गावात तेल विकणारा मोठा माणूस एकच. त्याला टँकरशेठ म्हणत. हमरस्त्यावरचा पंपही त्याचाच आणि कारखान्यांना तेल पुरवणारे टँकरही त्याचेच. नाक दाबले की तोंड उघडते, हे त्याला शाळेत कोणी शिकवले नसेल, पण येत होते चांगले. तो लाँड्रीत येऊन खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "तेल थोडं आहे, काकू. जे कायमचे माझे, त्यांना आधी मिळणार. पुढची पाच वर्षं फक्त माझ्याकडूनच घेईन असा शब्द द्या, उद्या टाकी भरतो."

"आणि भाव?" काकूंनी विचारले.

"भाव तेव्हाचा तेव्हा बघू."

"म्हणजे मान मी आज द्यायची आणि सुरी कुठली ते तुम्ही नंतर ठरवणार," काकू म्हणाल्या. "नाही जमणार."

शेठ हसत उठला. दीर त्याला दारापर्यंत पोचवायला गेले आणि बराच वेळ तिथेच कुजबुजत राहिले.

टाकी कोरडी पडली. काकूंनी अंगणात विटांच्या चुली मांडल्या, पातेली चढवली, सगळ्या बायांना कामाला लावले आणि हातांनी चादरी धुवून काढल्या. पण हॉस्पिटलच्या गाठोड्यांपुढे ते म्हणजे दर्यात खसखस. जेवढ्या झाल्या तेवढ्या घेऊन काकू स्वतः हॉस्पिटलात गेल्या. बाळंतिणींच्या खोलीत एक पोरगी नुसत्या रेक्झिनच्या गादीवर निजली होती. बाळ तिने आपल्याच जुन्या शालीत गुंडाळले होते. ती कूस बदलायला गेली की दंडाची कातडी गादीला चिकटायची. काकूंना तिथली नोकर समजून ती हळूच म्हणाली, "मावशी, चादर नाही का हो मिळणार?"

काकूंच्या हातातल्या चादरी तोवर संपल्या होत्या. आयुष्यात त्यांनी बोलणी खाल्ली होती, तोंडावर दारे आपटलेली पाहिली होती, पण इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. आणि काकूंचे असे आहे की लाज वाटली की त्यांना राग येतो.

घरी येऊन त्यांनी पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. दिरांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "कुठल्या समुद्रात कोणाची जहाजं अडली, आणि इथे बाळंतीण रेक्झिनवर! आपला त्या समुद्राशी संबंध काय? ती टाकी. तेवढाच संबंध आहे ना? तोडून टाकू."

"वहिनी, टाकी तोडून बॉयलर काय फुंकर घालून पेटवायचा?" दीर म्हणाले.

"तेच शोधायला चाललेय," काकू म्हणाल्या, आणि खरोखरच चालू लागल्या.

पुढे तेल आले, वाढीव भावाने आले, टाकी भरली, सगळे सुटकेचा निःश्वास सोडून विसरून गेले. माणसांचे असेच असते. दुखणे थांबले की दात काढायचा राहतो. काकू मात्र विसरल्या नाहीत.

लाँड्रीत पहिला नियम असा, की गाठोडे आले की आधी निवडायचे. रक्ताचे वेगळे, साधे वेगळे, रंगीत वेगळे. न निवडता धुवायला घेतले की सगळेच नासते. काकूंनी हाच नियम उष्णतेला लावला. त्या इंजिनापाशी जाऊन बसल्या आणि विचारले, "बाबा, एवढी वाफ करता, ती जाते कुठे?"

इंजिन खोकला आणि म्हणाला, "पाण्यात जाते, बाई. बहुतेक सगळी पाणी तापवण्यातच जाते. खरी कडक वाफ लागते ती रोलरला आणि ऑपरेशनच्या कपड्यांना."

"म्हणजे नुसतं पाणी तापवायला आपण एवढं तेल जाळतो?"

"वडिलांच्या वेळेपासून जाळतोय," इंजिन म्हणाला. जणू त्यामुळे ते शहाणपणाचे ठरत होते.

मग काकूंच्या फेऱ्या सुरू झाल्या. गावाबाहेर एक रंगाई कारखाना होता. तिथला बॉयलर भुशाच्या दाबून केलेल्या कांड्यांवर चालायचा. आच झकास, भुसा जवळच्या गिरण्यांतला, समुद्राशी काही देणेघेणे नाही. काकूंनी पांढरा रुमाल काढला, अंगणात थोडा वेळ हातावर पसरून धरला आणि मग रंगाऱ्याला दाखवला. रुमालावर काळे तीळ पडले होते. "तुमचं चालतं हो, तुम्ही त्यावर निळा रंग चढवाल," काकू म्हणाल्या. "माझं सगळं पांढरं."

गॅसवाला माणूस फार गोड होता. पाइप थेट अंगणात आणून देतो म्हणाला. काकूंनी विचारले, "गॅस येतो कुठून?" तो जरा घुटमळला आणि त्याच समुद्राकडे बोट दाखवावे तसे काहीतरी म्हणाला. काकू उठल्याच. आगीतून निघून फुफाट्यात पडायची त्यांना हौस नव्हती.

वीज कंपनीतल्या बाबूने समजावून सांगितले की सगळे विजेवर घेतले तर गल्लीचा ट्रान्सफॉर्मर मान टाकेल, पण एकटा रोलर चालेल. वीज कशाकशापासून होते तेही काकूंनी विचारून घेतले. थोडी कोळशाची, थोडी धरणाची, थोडी वाऱ्याची. कोळशाचे नाव ऐकून त्यांनी नाक मुरडले, पण म्हणाल्या, "निदान चार घरचं खाते. एका घरी चूल विझली तरी उपाशी मरणार नाही."

आणि ऊन. लाँड्रीचे छत एवढे मोठे, आणि दिवसभर ते फुकट तापायचे. उन्हावर चालणारे पाण्याचे बंब बसवणारी एक इंजिनिअर मुलगी होती. तिने छतावर चढून मापे घेतली आणि सांगितले की धुण्यापुरते पाणी बहुतेक दिवस मजेत तापेल, पण वाफ होणार नाही, आणि ढगाळ दिवसात भरवसा नाही. तिने खोटे काही सांगितले नाही, म्हणूनच काकूंना ती आवडली.

दिरांनी तेच पकडले. "बघा, तीच सांगतेय! ढग आले तर काय करणार?"

"भाऊजी, तुमचं तेल ढग नसतानाही आलं नव्हतं," काकू म्हणाल्या.

शेवटी त्यांनी ठरवले ते असे. धुण्याचे पाणी उन्हावर, रोलर विजेवर, आणि ढगाळ दिवसांसाठी व ऑपरेशनच्या कपड्यांसाठी भुशाच्या कांड्यांचा एक छोटा बॉयलर, अंगणाच्या पार कोपऱ्यात, वाऱ्याची दिशा बघून, उंच धुराड्याचा. एकावर सगळा भार नाही. दिरांनी कपाळावर हात मारला. "एक ना धड, भाराभर चिंध्या!"

"एकच धडुतं असलं आणि ते फाटलं, की माणूस उघडं पडतं," काकू म्हणाल्या. "आपण पडलोच होतो की."

यासाठी काकूंनी काय काय विकले, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. आपणही विचारू नये.

आता काकूंची चूक. ती सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे जाणार नाही, आणि काकूंनाही ती झाकलेली आवडायची नाही.

इंजिनिअर मुलीने दोन टाक्या सांगितल्या होत्या. गार पाण्याची वेगळी, बंबाच्या गरम पाण्याची वेगळी. काकूंनी छतावरच्या जुन्या, मोठ्या टाकीकडे बघितले आणि म्हणाल्या, "ही असताना दुसरी कशाला? गरम पाणी वर तरंगतं, गार तळाशी राहतं. वरून नळ काढ, गरम मिळेल. तळातून काढ, गार मिळेल. एका टाकीत दोन कामं."

"काकू, तसं नको," मुलगी म्हणाली. "कधीतरी सगळंच पाणी तापेल."

"अगं, पाणी मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखते," काकू म्हणाल्या. जो कडकपणा शेठसमोर कामाला आला, तोच इथे नडला. मुलीने दोनदा सांगितले आणि मग, घरमालकिणीपुढे कोण किती बोलणार, गप्प बसली.

सुरुवातीला काकूंचेच खरे झाले. वरचा नळ सोडला की चटका बसेल असे पाणी, खालचा सोडला की गार. जुना बॉयलर थंड, तेलाची टाकी रिकामी, अंगणात डिझेलचा वास नाही. बाया छतावर जाऊन बंबाच्या काचांत तोंड बघून केस सारखे करायच्या. दीर कुरकुरायचे, पण रविवारी सुट्टीच्या दिवशी तेही हळूच छतावर जाऊन पाणी किती तापले ते बघून यायचे. ताकाला जायचे आणि भांडे लपवायचे, हा त्यांचा जुना स्वभाव.

पण उन्हाचे दिवस लांबत गेले. एका रविवारी लाँड्री बंद होती, पाण्याचा थेंबही कोणी उपसला नाही, आणि वर आभाळ दिवसभर भाजत होते. त्या एका दिवसात टाकीतले पाणी वरपासून तळापर्यंत तापले. सोमवारी हॉस्पिटलचे सगळ्यात मोठे गाठोडे येते. त्यातल्या रक्ताच्या चादरी आधी गार हौदात टाकायच्या, मगच गरम धुण्याला घ्यायच्या, हे लाँड्रीत पहिल्या दिवशी शिकवतात. रक्त गरम पाण्यात शिजते आणि धाग्याला धरून बसते. बायांनी नेमाप्रमाणे खालचा नळ सोडला, हौद भरला, चादरी बुडवल्या. हातांत कोपरापर्यंत रबरी मोजे होते, त्यामुळे कोणाला काही कळले नाही. जाऊबाई तेवढ्या म्हणाल्या, "आज पाणी बरं लागतंय गं," आणि कामाला लागल्या.

पहिली खेप मशिनीतून बाहेर आली तेव्हा चादरींवर गंजाच्या रंगाचे मोठाले नकाशे होते. काकू आधी साबणावर चिडल्या. मग मशिनीवर. मग त्यांनी बाही सारली आणि उघडा हात हौदात घातला. पाणी चक्क कोमट होते. तोवर सगळ्या चादरी त्या हौदातून गेल्या होत्या.

काकू हौदाच्या काठावर टेकल्या, ओल्या हाताकडे बघत राहिल्या, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "त्या पोरीनं मला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. मी शहाणी. चूक माझी आहे, उन्हाची नाही. हे दोन्ही लक्षात ठेवा."

बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर हसे झाले. "काकूंनी चादरी उन्हात शिजवल्या," असे न्हाव्याच्या दुकानापासून औषधांच्या दुकानापर्यंत जो तो सांगू लागला. हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत, आणि त्याचीच भीती वाटली. म्हणाल्या, "परवा सकाळी मला स्वच्छ चादरी हव्यात. नाहीतर काम दुसऱ्या लाँड्रीला जाईल. आणि माझं ऐकाल तर जुना बॉयलर पेटवा. माझ्या पेशंटवर प्रयोग नकोत."

काम गेले तर लाँड्री बंद, हे सांगायला कोणी लागत नव्हते. हॉस्पिटलखेरीज दुसरे गिऱ्हाईक नव्हतेच. बाया गुपचूप मोजे धुऊन वाळत घालून घरी गेल्या. दिरांनी वर जाऊन एक फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन कोणाला होता ते कळले. गल्लीत टँकर वळला आणि त्याच्यापुढे शेठ स्वतः चालत आला. लग्नात वरातीपुढे चालावे तसा.

काकू अंगणातच होत्या. पहाटे सरकारी नळाला पाणी आले, तेव्हाच त्यांनी रबरी नळी लावून ते थेट अंगणात घेतले होते. छतावरच्या टाकीत एक थेंब जाऊ दिला नव्हता. घमेली, टब, बादल्या, जे सापडेल ते गार पाण्याने भरून त्यात चादरी बुडवल्या होत्या, डाग खाणारी पावडर घातली होती, आणि बाया एकेका डागाला भिडल्या होत्या. टँकर दिसल्यावर काकूंनी आपला टब उचलला, सरळ तेलाच्या टाकीपाशी नेला, टाकीच्या लोखंडी झाकणावर पाट ठेवला आणि त्यावर मांडी घालून बसल्या. टबातली चादर काढली आणि चोळू लागल्या.

"वहिनी, उठा," दीर म्हणाले. "तेल भरायचंय. पाच वर्षांचा शब्द मी दिलाय."

"मला इथंच बसून धुवायला बरं वाटतंय," काकू म्हणाल्या.

शेठने घसा साफ केला. "काकू, पडलं तरी नाक वर कशाला? माणसानं हार मानावी. उन्हानं फसवलं तुम्हाला."

"ऊन मला फसवायला आलं नव्हतं. ते नेहमीसारखं आलं, भरपूर आलं. मीच त्याला चुकीच्या टाकीत घातलं." काकूंनी चादर पिळली. "फसवलं तर कोणी ते सांगू? बाळंतीण रेक्झिनवर पडली होती, तेव्हा तुमचा टँकर कुठं होता? तुम्ही खुर्चीत बसून मला पाच वर्षांचं दावं दाखवत होतात."

"तो धंदा आहे."

"मग हाही धंदाच आहे," काकू म्हणाल्या. "बसलेय मी माझ्या निम्म्या टाकीवर. भाऊजींच्या निम्म्यात भरायचं असेल तर भरा, फक्त माझ्या निम्म्यात एक थेंब सांडता कामा नये."

ड्रायव्हरला हसू आवरेना, त्याने टँकरच्या पलीकडे तोंड फिरवले. दिरांचे कान लाल झाले. "वहिनी, तमाशा पुरे! लाँड्री बुडवणार तुम्ही! बारा घरं उपाशी राहतील तुमच्या हट्टापायी!"

हे मात्र काकूंना लागले. हात थांबले. त्यात खोटे काही नव्हते. चूक त्यांची होती, डाग निघतील याची खात्री नव्हती, आणि उद्या सकाळी मेट्रनबाई काय म्हणतील हे देवालाही ठाऊक नव्हते. पण उठायचे म्हणजे पाच वर्षे त्या माणसाच्या दारात वाडगे घेऊन उभे राहायचे, हेही त्यांना ठाऊक होते. त्या बसून राहिल्या. भीती वाटत असताना बसून राहिल्या, आणि मला विचाराल तर कडकपणा म्हणतात तो हाच, बाकीचा नुसता आवाज.

तेवढ्यात जाऊबाई हौदाकडून आल्या. कडेवर मूल घ्यावे तसा आपला टब घेऊन. नवऱ्याकडे त्यांनी बघितलेही नाही. काकूंजवळ येऊन म्हणाल्या, "सरका थोडं."

काकू सरकल्या. जाऊबाई झाकणावर टेकल्या आणि चादर चोळू लागल्या. चोळता चोळता म्हणाल्या, "आणि तो नळ कोमट होता हे मला कळलं होतं. बरं वाटलं म्हणून गप्प बसले. तेव्हा सगळी चूक एकटीच्या नावावर लावून घेऊ नका, मोठेपणा कुठला!"

"गप्प बस आणि चोळ," काकू म्हणाल्या, आणि तिला नीट जागा व्हावी म्हणून अजून थोड्या सरकल्या.

शेठने इंजिनाकडे पाहिले. "बाबा, तुम्ही तरी सांगा. एवढी वर्षं डिझेलचा बॉयलर चालवलात."

इंजिन खोकला. नेहमी चारदा खोकायचा, आज एकदाच खोकला. "शेठ, त्या धुरातून सुटल्यापासून मला रात्री झोप लागते," तो म्हणाला. "मला काही विचारू नका."

अंगणातल्या बाया आता उघड हसत होत्या. दीर मध्ये उभे होते. एका बाजूला शेठ, दुसऱ्या बाजूला टाकीवर बसलेली सख्खी बायको. त्यांनी टाकीकडे बघितले, बायकोकडे बघितले, आणि शेवटी टँकरच्या ड्रायव्हरला हाताने मागे जायची खूण केली. शेठला "माफ करा" म्हणायलाही ते विसरले नाहीत. त्यांचा स्वभावच तसा आहे.

डाग गार पाण्यात हळूहळू सुटत गेले. सगळे नाही, पण बहुतेक. त्याच दुपारी काकूंनी इंजिनिअर मुलीला बोलावून घेतले. ती दारात अवघडून उभी राहिली, तेव्हा काकू म्हणाल्या, "तू बरोबर होतीस, मी चुकले. आता दुसरी टाकी कुठं बसवायची ते तू सांग, मी तोंड उघडणार नाही." गार टाकी अंगणाच्या सावलीच्या कोपऱ्यात बसली. काकूंनी एकदाच तोंड उघडले, नळ जरा खाली हवा होता म्हणून, आणि तेवढे मुलीने ऐकून घेतले.

ठरल्या दिवशी सकाळी दिरांनी व्हॅन काढली आणि काकू शेजारी बसल्या. हॉस्पिटलात मेट्रनबाईंनी गठ्ठ्याची गाठ सोडली, तर सगळ्यात वरच्याच चादरीवर फिकट पिवळा डाग.

"हे काय? डागाळलेली वर ठेवलीत?" त्या म्हणाल्या.

"अशा सात-आठ चादरींचे डाग निघाले नाहीत. त्या सगळ्या वर ठेवल्यात," काकू म्हणाल्या. "खाली लपवल्या असत्या तर तुम्हाला पेशंटच्या अंगाखाली सापडल्या असत्या. त्यांच्या बदल्यात नव्या कोऱ्या घातल्यात. बाकीच्या उजेडात धरून बघा."

मेट्रनबाईंनी खिडकीपाशी नेऊन एकेक चादर उजेडात धरली. वेळ लागला. काकू उभ्याच राहिल्या, बसायला सांगूनही बसल्या नाहीत.

"बॉयलर पेटवलात?"

"नाही. पाणी उन्हाचं, रोलर विजेचा, हिरवे कपडे भुशाच्या वाफेवर. गार पाण्याची टाकी आता वेगळी आहे, आणि रोज सकाळी हौदात पहिला हात उघडा जातो, माझा. परत असं झालं तर मला काढा. पण तेलाला परत घेणार नाही. तुमच्या बाळंतिणीला चादर नव्हती, त्या दिवशी तेल मिळणार की नाही ते आपल्या दोघींच्या हातात नव्हतं, मेट्रनबाई. ठरवणारा दुसराच होता."

मेट्रनबाईंनी शेवटची चादर नीट घडी घालून ठेवली. "त्या दिवशी त्या मुलीनं मलाही विचारलं होतं, चादर आहे का म्हणून," त्या म्हणाल्या. मग नेहमीच्या कोरड्या आवाजात, "आजची गाठोडी मागच्या दारी आहेत. उचला."

गाठोडी भरून व्हॅन परत निघाली. हमरस्त्याला लागली आणि दिरांनी सवयीने डावीकडे पंपात वळवली. वळवल्यावर त्यांच्या लक्षात आले, पण तोवर उशीर झाला होता. काटा तळाला टेकला होता आणि शेठ पंपावरच उभा होता. त्याने काकूंना पाहिले आणि तो लगबगीने खिडकीशी आला.

"या या!" तो मोठ्याने म्हणाला, म्हणजे पंपावरच्या पोरांनाही ऐकू जावे. "काय म्हणत होतात काकू? आलात ना शेवटी माझ्याच दारात?"

दीर स्टिअरिंगवर मान घालून बसले. काकूंनी काच पूर्ण खाली घेतली.

"आले की," त्या म्हणाल्या. "लपून नाही आले, दिवसाउजेडी आले. पण शेठ, आधी मी आख्खं घर डोक्यावर घेऊन तुमच्या दारात यायचे. माझी भाकर, बारा बायांची भाकर, हॉस्पिटलची अंथरुणं, सगळं तुमच्या पायरीवर मांडायचे. आज नुसती गाडीपुरती आलेय. आणि पुढच्या वेळी तेवढ्यापुरतीही येईन, असं धरून चालू नका."

शेठ हसला, पण ते हसू जमले नाही. पंपावरच्या पोराने नळी हातात घेऊन विचारले, "साहेब, फुल करू?"

दिरांनी मान वर केली. वहिनीकडे त्यांनी बघितले नाही, समोर रस्त्याकडेच बघत राहिले.

"नको," ते म्हणाले. "घरापर्यंत पोचण्यापुरतं घाल."